हात वळत नाही, दंतवैद्यक जमेल का?

कोरीपाटी
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.
सार्वजनिक विद्यापीठाच्या दंतवैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळतोय. होकार कळवायला थोडेच दिवस उरलेत. विषय आवडतो, वाचायचा कंटाळा नाही, रक्ताची भीती नाही. अडचण हाताची आहे. माझी चित्रकला म्हणजे आनंदीआनंद, सुईत दोरा ओवायचा तर घरातलं दुसरं कुणी शोधावं लागतं. आणि तिथल्या एका वरच्या वर्गातल्या मुलानं सांगितलं की पहिल्याच वर्षी मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरावे लागतात, त्यावर परीक्षा असते. ते ऐकल्यापासून झोप उडाली आहे.
प्रश्न दोन. हात मुळातच चांगला असावा लागतो की वळवता येतो? आणि सार्वजनिक ठिकाणी गर्दी फार, शिकवायला कुणाला फुरसत नसते, असं ऐकलं ते खरं का?

अक्कलदाढ
अक्षर कसं आहे ते लिहिलं नाहीस. वाईट असेल तर अर्धी पात्रता आत्ताच सिद्ध झाली.

मेणबत्ती
कोरीपाटी, स्वागत. मेणावरूनच सुरुवात करते, कारण तिथंच बहुतेकांचा धीर सुटतो.
हातात एक आयताकृती मेणाचा ठोकळा मिळतो. कोरायचा दात खऱ्यापेक्षा मोठ्या मापाचा असतो. त्याची लांबी, रुंदी, मानेपाशी किती, गालाकडून जिभेकडे किती, सगळी मापं मिलिमीटरमध्ये ठरलेली. ठोकळ्याच्या एका बाजूवर आकृती काढायची, बाहेरचं मेण उतरवायचं, मग शेजारच्या बाजूवर दुसरी आकृती. इथपर्यंत कुणालाही जमतं. हातात दाताच्या आकाराचा एक चौकोनी ऐवज येतो आणि खरं काम तिथून सुरू होतं. आता कोपरे गोल करायचे. किती? दात कुठंच सपाट नसतो, पण कुठंच एकसारखा गोलही नसतो. शेजारच्या दाताला तो नेमका कुठं टेकतो, तिथून मानेकडे कसा आत वळतो, हे बोटानं चाचपून कळायला लागतं.
सुरुवात पुढच्या पटाशीच्या दातापासून, दाढा शेवटी. खालची पहिली मोठी दाढ आली की वर्गात शांतता पसरते. तिला पाच उंचवटे, तीन गालाकडे, दोन जिभेकडे, आणि मधल्या खाचा अशा कोरायच्या की त्या खाचा वाटल्या पाहिजेत, ओरखडे नव्हेत.
आमच्या वर्गात चित्रकलेत बक्षिसं मिळवणारा एक जण होता. त्याची दाढ दिसायला देखणी आणि मापात चुकलेली. शेजारी बसणारी मुलगी प्रत्येक कापाआधी माप घ्यायची, तिची दाढ ओबडधोबड पण बरोबर. मार्क कुणाला पडले असतील ते सांगायला नको. मेण हाताला नंतर शिकवतं, आधी डोळ्याला शिकवतं.

टर्बाइन
असहमत. मेण कोरणं ही परंपरा आहे म्हणून चालू आहे. पुढं आयुष्यात कुणी ठोकळ्यातून दात कोरत नाही. हल्ली तोंडाचं स्कॅनिंग होतं, संगणकावर दाताचा आकार ठरतो, यंत्र तो घासून काढतं. हाताला दाब जाणवणारे सिम्युलेटर आलेत, कितीही वेळा चुका, मेण वाया जात नाही. मेण कोरण्यात घालवलेले तास रुग्णांसमोर घालवले तर जास्त शिकता येईल.

मेणबत्ती
@टर्बाइन, यंत्रानं काढलेला आकार बरोबर आहे की नाही हे कोण ठरवणार? दाढेत भरलेलं भरण मऊ असताना त्यात खाच कोरायला दोन-चार मिनिटं मिळतात. तेव्हा समोर स्क्रीन नसते, रुग्णाची जीभ असते आणि ती शांत बसत नाही.

टर्बाइन
दोन-चार मिनिटांचा तो हिशोब चांदीच्या भरणाचा, म्हणजे चांदी-पाऱ्याच्या मिश्रणाचा. आता प्रकाशानं घट्ट होणारं कंपोझिट भरतात, दिवा लावेपर्यंत हवा तेवढा वेळ. युरोपियन युनियनमध्ये तर २०२५ पासून चांदीचं भरण अपवाद सोडून बंदच आहे.

मेणबत्ती
हवा तेवढा वेळ? डोक्यावरचा दिवा चालू ठेवून हवा तेवढा वेळ घेऊन बघा, काम अर्धवट असताना घट्ट व्हायला लागतं.

खुर्चीखालचा
पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. चालू द्या.

आरसेमहाल
हाताचं म्हणाल तर मेणापेक्षा आरसा अवघड. वरच्या दाढा सरळ दिसत नाहीत, छोट्या गोल आरशात बघून काम करावं लागतं. आरशात पुढं-मागं उलटं होतं. हात पुढं न्यावा तर टोक मागं जाताना दिसतं. पहिले काही आठवडे मेंदू अक्षरशः बंड करतो. मग एके दिवशी लक्षात येतं की आपण विचार न करता करतोय.
कोरीपाटी, प्रवेशाआधी काही करायचंच असेल तर आरशात बघून कागदावर चौकोन आणि आठचा आकडा गिरव. हसू नकोस, गंभीरपणे सांगतोय.
आणि दुसरी गोष्ट म्हणजे टेकण. ज्या हातात हत्यार आहे त्याच्या करंगळीशेजारचं बोट शेजारच्या दातावर घट्ट टेकलेलं हवं. हात थरथरतो म्हणून घाबरणारे बहुतेक जण अधांतरी हात ठेवून काम करत असतात. टेकण मिळालं की थरथर निम्म्यावर येते.

वाममार्गी
डावखुऱ्यांचं कुणीच बोलत नाहीये. खुर्ची उजव्यांसाठी, हत्यारांची ताटली उजव्यांसाठी, शिकवणारे दाखवणार ते उजव्या बाजूनं. घड्याळाच्या काट्यांवर जागा सांगतात, रुग्णाचं डोकं १२ वर. उजवा माणूस ९ ते १२ मध्ये बसतो, मी १२ ते ३ मध्ये. मदतनीस दर वेळी माझ्या मांडीवर येऊन आदळायचा. काही विभागांत डावखुऱ्यांसाठी फिरवता येणारी खुर्ची असते, पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.

अक्कलदाढ
आयडी सार्थ आहे ;)

चूळभरा
मी डॉक्टर नाही, रुग्ण आहे. गेली अनेक वर्षं दात विद्यार्थ्यांकडूनच करून घेतो, तेव्हा खुर्चीत बसणाऱ्याच्या बाजूनं चार शब्द.
बाहेर अर्ध्या तासात उरकणारं काम इथे अख्खी दुपार खातं. पोरगं तपासतं, मग मास्तरांना हाक मारतं. मास्तर दुसऱ्या खुर्चीवर. ते येतात, बघतात, 'हं' म्हणतात, सही करतात. मग भूल. मग वाट. मग थोडं कोरणं, परत हाक, परत 'हं'. प्रत्येक पायरीला सही. पण त्यामुळेच माझ्या एका दाताकडे दोन-तीन जणांनी नीट पाहिलेलं असतं, हे बाहेर कुठं होतं?
एक विनंती सगळ्या विद्यार्थ्यांना. भूल दिल्यावर 'दुखणार नाही' म्हणू नका. 'दुखलं तर डावा हात वर करा, मी थांबेन' म्हणा, आणि हात वर केल्यावर खरंच थांबा. माझी एक मुलगी (म्हणजे विद्यार्थिनी, माझी नव्हे) अशी थांबायची. तिच्यासाठी मी मुद्दाम तिच्या वाराला जायचो.

सहीबहाद्दर
@चूळभरा, तुमच्यासारख्या रुग्णांवर आमच्या पदव्या उभ्या आहेत. दंडवत.
कोरीपाटीच्या दुसऱ्या प्रश्नावर येतो. गर्दी खरी आहे, आणि तीच जमेची बाजू आहे. सार्वजनिक रुग्णालयात लोक उशिरा येतात. दुखणं सहन करत राहतात, सूज आली की येतात. त्यामुळे पुस्तकातलं चित्र रोज समोर बसलेलं असतं. खाजगी ठिकाणी शिकलेल्या माझ्या मित्रांनी जेवढे दात काढले असतील त्याच्या कितीतरी पट आम्ही काढले.
पण उलटी बाजूही ऐक. ठरलेला कोटा असतो. इतक्या कवळ्या, इतकी रूट कॅनल, इतक्या मुलांच्या दाढा. दात काढायला रांग लागते, पण पूर्ण कवळीचा रुग्ण मिळता मिळत नाही. एकही दात नसलेला, चार-पाच वेळा यायला तयार असलेला, आणि मधेच न गळणारा असा माणूस शोधायचा. माप घे, मेणाच्या पट्ट्यांवर जबड्यांचं नातं टिपून घे, दात रचून बघ, मग घट्ट कर, मग घाल, मग टोचतं म्हणून परत घास. तिसऱ्या फेरीनंतर आजोबा फोन उचलेनासे झाले की वर्ष हलतं. परीक्षा जवळ आली की वर्गमैत्री वगैरे सगळं बाजूला, दंतहीन आजोबांवर अक्षरशः हक्क सांगितले जातात.

शहाणीताई
हे सगळे हसण्यावारी नेताहेत, पण मला यात खटकतं. ज्याच्याकडे पर्याय नाही तो विद्यार्थ्याच्या खुर्चीत बसतो, आणि त्याचा दात कुणाच्या तरी कोट्यात मोजला जातो. दात वाचवता येत असताना 'काढण्याचे' कमी पडलेत म्हणून काढला जात नसेल कशावरून?

सहीबहाद्दर
ताई, प्रश्न रास्त आहे. काढायचा निर्णय विद्यार्थी घेत नाही, आधी तपासणी विभागातून कागद होऊन येतो. पण मोह असतो, नाही म्हणणार नाही. आकड्यांवर मोजणी असली की माणूस आकडे बघायला लागतो. काही विद्यापीठांनी म्हणूनच निव्वळ संख्या सोडून एका रुग्णाचे पूर्ण उपचार कसे केले त्यावर मूल्यमापन सुरू केलंय. ते जास्त बरं.

शहाणीताई
आणि रुग्णाला सांगतात का, की हा विद्यार्थी आहे?

चूळभरा
सांगतात, कागदावर सहीही घेतात. तरी बरेच जण सगळ्यांनाच 'मोठे डॉक्टर' समजतात हेही खरं. विद्यार्थ्यानं स्वतःच्या तोंडानं सांगावं, मराठीत, कागद पुढं सरकवून नव्हे.

बखरकार
अवांतराची परवानगी असेल तर. जगातलं पहिलं स्वतंत्र दंत महाविद्यालय १८४० मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला निघालं आणि १८४१ मध्ये त्यातून दोघं पदवीधर झाले. पुढं ते मेरीलँडच्या सार्वजनिक विद्यापीठात सामावलं. तिकडच्या राज्य विद्यापीठांपैकी स्वतःचं दंत महाविद्यालय काढण्यात पहिलं मिशिगन, १८७५. त्याआधी हा धंदा उमेदवारीनं शिकायचा, वैद्याच्या हाताखाली.
लुसी हॉब्ज यांना ओहायोच्या दंत महाविद्यालयानं बाई म्हणून प्रवेश नाकारला. त्यांनी खाजगीत शिकून दवाखाना थाटला. नंतर त्याच महाविद्यालयानं त्यांना घेतलं आणि १८६६ मध्ये त्या दंतवैद्यकाची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. आज अनेक देशांत वर्गात मुलीच जास्त दिसतात.
आणि टर्बाइनरावांच्या माहितीसाठी, तुमचं आवडतं वाऱ्यावर फिरणारं दात कोरायचं यंत्र बाजारात आलं १९५७ मध्ये. मिनिटाला तीन-चार लाख फेरे ही त्याचीच देणगी. त्याआधी पट्ट्यानं फिरणारी संथ यंत्रं, आणि त्याहीआधी पायानं दाबायची. रुग्णांच्या सहनशक्तीला सलाम.

टर्बाइन
माहितीपूर्ण. पण याच इतिहासातून माझा मुद्दा सिद्ध होतो. जी. व्ही. ब्लॅक या अमेरिकन दंतवैद्य साहेबांनी कीड लागलेला दात कसा कोरायचा याचे नियम घालून दिले, सरळ भिंती, सपाट तळ, आणि पुढं कीड लागू नये म्हणून शेजारच्या निरोगी खाचाही कोरून घ्यायच्या. चांदीच्या भरणासाठी ते बरोबर होतं, ते दाताला चिकटत नाही, त्याला धरायला आकार लागतो. १९५५ मध्ये बुओनोकोर यांनी आम्लानं दाताचा पृष्ठभाग खडबडीत करून त्यावर भरण चिकटवता येतं हे दाखवलं. तेव्हापासून निरोगी भाग कोरायचं कारण कमी होत गेलं. तरी प्रयोगशाळेत अजून विद्यार्थ्यांकडून आखीव पेट्या कोरून घेतात.

मेणबत्ती
हे मात्र मान्य. आमच्याकडे खालच्या मजल्यावर पेटी कोरायला शिकवायचे आणि वरच्या मजल्यावर रुग्णाच्या तोंडात ती कोरली तर ओरडायचे.

टर्बाइन
नोंद घेण्यात आली आहे. धाग्याचं सार्थक झालं.

ठणकपाळ
चर्चा छान चालू आहे. माझी खालची उजवी दाढ कालपासून ठणकतेय, गार पाणी लागलं की कळ मस्तकात जाते. इथं बरेच डॉक्टर दिसताहेत म्हणून विचारतो, काय घेऊ?

अक्कलदाढ
अपॉइंटमेंट.

सहीबहाद्दर
गार गेल्यावरही कळ बराच वेळ रेंगाळत असेल तर आज-उद्याच दाखवा. धाग्यावर दात बघता येत नाही.

बाटलीतलेदात
दात काढण्याचा विषय निघाला म्हणून. सगळ्यांना वाटतं की ताकद लागते. दात ओढायचा नसतोच. चिमटा आधी मुळाच्या दिशेनं आत दाबायचा, मग गालाकडे-जिभेकडे हळूहळू झुलवायचा. भोवतीचं हाड थोडं थोडं पसरतं, दात बांधून ठेवणारे तंतू तुटतात आणि मग तो आपणहून येतो. खुंटा हलवून बळकट करायची म्हण इथे उलटी चालते. खालच्या उपदाढेचं मूळ साधारण एकच आणि शंकूसारखं, तिला गोल पीळ देता येतो. वरच्या पहिल्या मोठ्या दाढेला तीन मुळं फाकलेली, तिला पीळ द्याल तर मूळ आतच राहील. मनगटात जोर असलेले आमच्यातले दोन पहिलवान मुळं मोडण्यात आघाडीवर होते.
माझ्या आयडीचं कारणही सांगून टाकतो. रूट कॅनलच्या सरावासाठी काढलेले खरे दात लागतात. ते गोळा करून बाटलीत ओले ठेवायचे, सुकले की ठिसूळ होतात. निर्जंतुक करायला वाफेच्या यंत्रात घालतात, पण चांदी भरलेला दात त्यात कधीही घालायचा नाही, पाऱ्याची वाफ होते. असे दात वेगळे काढून फॉर्मॅलिनमध्ये. घरी बाटली खिडकीत ठेवली होती, पाहुणे परत आले नाहीत.

खुर्चीखालचा
आमच्याकडे तेच पाहुणे येतात, बाटली उसनी मिळेल का?

आरसेमहाल
@बाटलीतलेदात, वरच्या त्याच दाढेची चौथी नळी शोधायला खरा दातच हवा. मुळं तीन, म्हणून नळ्या तीन, असं समजून लोक थांबतात. गालाकडच्या पुढच्या मुळात बहुधा दुसरी बारीक नळी असते. प्लास्टिकच्या दातात ती आखून दिलेली असते, खऱ्यात लपलेली.

मानमोडी
हात, हात काय लावलंय? मान आणि कंबर सांभाळा. शिकताना रुग्णाच्या तोंडात डोकं घालून बघायची सवय लागते, ती पुढं जात नाही. खुर्ची वर-खाली करायला लाज वाटते, रुग्णाला 'मान इकडे वळवा' सांगायला संकोच वाटतो, मग आपणच वाकडे होतो. भिंगाचा चष्मा घ्यायचा तर वाकण्याचा कोन नीट मोजून घेतलेला घ्यावा, नाहीतर मान आणखी खाली जाते. एकदम महागडं सामान प्रवेशाआधी घेऊ नकोस गं, कोरीपाटी. पहिलं सत्र होऊ दे, काय लागतं ते तिथंच कळेल.

कोरीपाटी
इतके प्रतिसाद! सगळे दोनदा वाचले. आठचा आकडा आरशात गिरवून बघितला, तो आठ नाही, काहीतरी निराळंच झालंय. हात टेकवून केलं तर जरा बरं आलं.
आता नवी भीती, भूल देण्याची. खालच्या दाढेची सुई म्हणे डोळ्यांनी दिसत नाही अशा जागी द्यायची असते?

सहीबहाद्दर
हो. खालच्या जबड्याच्या हाडात आतल्या बाजूनं एक छिद्र असतं, मज्जातंतू तिथून आत शिरतो. ते छिद्र तोंडात दिसत नाही. अंगठा जबड्याच्या कडेवरच्या खळग्यात ठेवायचा, घशाजवळची पडद्याची घडी बघायची, विरुद्ध बाजूच्या उपदाढांवरून सिरिंज आणायची, हाड टोकाला लागलं पाहिजे. जरा मागं घ्यायची, दट्ट्या किंचित ओढून रक्त येत नाही ना बघायचं, मग सावकाश सोडायचं. पाच मिनिटांनी 'ओठ जड झाला का?' विचारायचं. आपण तिथं बोट लावायच्या आत 'झाला झाला' म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवायचा नाही, घाईत असतात.
आणि अनुभवी माणसाचीही ही सुई दर वेळी बसत नाही. सूज-पू असलेल्या जागी तर औषधच नीट काम करत नाही, तिथली आम्लता आड येते. त्यामुळे पहिली फसली म्हणून रडत बसू नकोस.
आमच्याकडे पहिली सुई वर्गमित्रालाच द्यायचो. ज्याला द्यायची त्यालाच मग आपल्याला द्यायची असते, त्यामुळे सगळे भलतेच सौजन्यानं वागायचे.

शहाणीताई
हे मला आवडलं. कोट्यापेक्षा हे.

फळाखडू
उशिरा येतोय. मी दंतवैद्यक शिकवतो, सार्वजनिक विद्यापीठातच, त्यामुळे फुरसतीच्या प्रश्नावर बोलायचा मला अधिकार आहे. एका वेळी माझ्याकडे इतक्या खुर्च्या असतात की प्रत्येकाजवळ बसणं शक्य नसतं. जो हाक मारतो त्याच्याकडे जातो. जो भिडस्तपणे गप्प राहतो त्याच्याकडे उशिरा पोचतो, आणि तोवर त्यानं जास्त कोरलेलं असतं. दाताचं कवच सगळ्यात जाड जागी अडीच मिलिमीटरच्या आसपास, चुकायला जागा नसते. तेव्हा शिकायचं असेल तर ओरडायला शिक. अमुक इथं थांबू का, हे विचारणारा विद्यार्थी मला आवडतो, भले त्याचा हात जड असो.
हाताबद्दल. सुरुवातीला वर्गात हातांत फार फरक दिसतो. शेवटच्या वर्षाला तो बराच मिटलेला असतो. काही जण अडकतात, नाही असं नाही, पण मी पाहिलेल्यांत ते बहुतेक करून सराव टाळणारे, किंवा 'ठीक आहे की' म्हणून पुढं जाणारे. आपलं काम वाईट आहे हे ज्याला दिसतं त्याचं काम सुधारतं. तुला तुझा आठ आठ वाटला नाही ना? मग झालं तर.
फक्त एक तपासून घे. दोन्ही डोळ्यांनी मिळून खोली नीट कळते का, जवळचं स्पष्ट दिसतं का. ते चष्म्यानं सुटत असेल तर आत्ताच सोडवून टाक. बऱ्याच मुलांचा 'हात वाईट' असतो तो खरं तर नंबर असतो.

कोरीपाटी
सर, सुईत दोरा जात नाही म्हणून आई तीन महिने 'डोळे दाखव' म्हणतेय...

अक्कलदाढ
एवढा लांबलचक धागा, आणि तो ओवायचा आहे चष्मेवाल्याकडे!

ठणकपाळ
जाऊन आलो. विद्यार्थ्यानंच केलं, दुपारभर. ओठ अजून जड आहे, त्यामुळे बोलणं बंद आणि टायपिंग चालू. रूट कॅनल सांगितलंय, पुढच्या मंगळवारी परत बोलावलंय. त्याचा कोटा पूर्ण होईपर्यंत माझा फोन चालू राहील, कळावे.